परसात पाणी साचतं, म्हणून ती पाणथळ जागा ठरते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नगरपंचायतीच्या हद्दीत आठ गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट घेतला आहे. मागचा साधारण चौथा हिस्सा जुलैपासून पाण्याखाली जातो आणि दिवाळीपर्यंत ओल राहते. मागच्या हद्दीपलीकडे गावाचं जुनं तळं आहे. शेजारी म्हणतात ही पाणथळ जागा आहे, इथे वीटसुद्धा रचता येणार नाही. आर्किटेक्ट म्हणतात तेवढा भाग मागचं मार्जिन, म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये नियमाने सोडायची मोकळी जागा, म्हणून सोडून द्या, विषय संपला. शिवाय गावाची प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशाचा मसुदा, प्रसिद्ध व्हायच्या बेतात आहे, तर हरकती-सूचनांमध्ये 'पाणथळ' आणि 'मार्जिन' या दोन्ही शब्दांच्या नेमक्या व्याख्या मागाव्यात का, असंही तुम्ही विचारलं आहे.

मी तीस वर्षं नगररचनेच्या कामात आहे. आधी नोकरीत होतो, आता खाजगी सल्लागार म्हणून काम करतो. या काळात व्याख्येवरून झालेली भांडणं पुष्कळ पाहिली. त्यातली बहुतेक शब्दांवरून सुरू झाली आणि मोजणीच्या टेपवर येऊन थांबली. टेपचं शून्याचं टोक कुठे धरायचं आणि कोणत्या तारखेला धरायचं, एवढं ठरलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तुमच्या प्रकरणातही तसंच आहे. शेजारी आणि आर्किटेक्ट दोघंही शब्दाबद्दल बोलताहेत. टेप अजून कोणीच बाहेर काढलेला नाही.

आधी मार्जिन घेतो, कारण ते सोपं आहे. मुंबई आणि आणखी काही मोजके भाग सोडले तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कार्यालयात तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. त्यात मोकळ्या जागेचा अर्थ असा, की प्लॉटचाच अविभाज्य भाग असलेली आणि आकाशाला खुली ठेवलेली जागा. इमारतीच्या पुढे, मागे आणि बाजूंना अशी किती जागा सोडायची, हे रस्त्याची रुंदी, प्लॉटचं आकारमान आणि इमारतीची उंची यांवर ठरतं. तिलाच आपण सामासिक अंतर किंवा मार्जिन म्हणतो. आपलं अंगण किंवा परस ही बोलण्यातली गोष्ट झाली. प्रत्यक्षात तुमचं परस चाळीस फुटांचं असेल आणि नियमाने सोडायचं मागचं मार्जिन दहा फुटांचंच असेल. मग त्या दहा फुटांपुरताच मार्जिनचा नियम बोलतो. उरलेले तीस फूट तुम्ही आपण होऊन मोकळे ठेवलेत, उद्या तिथे खोली वाढवायची असेल तर मार्जिनचा नियम आड येणार नाही. हा फरक लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि नकाशावर 'मार्जिन' असं लिहून ठेवलेली प्रत्येक मोकळी जागा त्यांना कायमची अडकल्यासारखी वाटते.

मार्जिन मोजायची सुरुवात हद्दीपासून होते. हद्द म्हणजे कुंपण नव्हे आणि बांधही नव्हे. भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीच्या 'क' प्रतीवर जी रेषा आहे ती हद्द. समोर विकास योजनेतला रस्ता रुंद होणार असेल, तर पुढचं मार्जिन आजच्या रस्त्याच्या कडेपासून मोजायचं नाही, रुंद होणाऱ्या रस्त्याच्या रेषेपासून मोजायचं. प्लॉट तिरपा असेल तर सगळ्यात अरुंद ठिकाणी जे अंतर भरेल तेच खरं. मार्जिन इमारतीच्या भिंतीपर्यंत मोजतात, पण छज्जा आणि बाल्कनी किती पुढे आलेली चालेल याचे आकडे वेगळे आहेत. ते तुमच्या आर्किटेक्टला तोंडपाठ असतील.

आता पाणथळ जागा. हा एक शब्द निदान तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो आणि तुमचा गोंधळ तिथूनच निघाला आहे.

पहिला अर्थ रामसर करारातला, म्हणजे पाणथळ जागा जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारातला. इराणमधल्या रामसर इथे १९७१ मध्ये झालेला हा करार भारताने १९८२ मध्ये स्वीकारला. तिथली व्याख्या फार रुंद आहे. दलदल, पाणवठे, नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमचे वा हंगामी, गोडे, मचूळ वा खारे, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणारं समुद्राचं पाणीही त्यात येतं. भातखाचरंसुद्धा. दुसरा अर्थ आपल्या केंद्र सरकारच्या नियमांतला. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७, पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खाली सप्टेंबर २०१७ मध्ये आले. त्यांनी सुरुवात रामसरच्याच शब्दांनी केली आणि मग बरंच वगळलं. नदीचं पात्र वगळलं, भातशेती वगळली, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळले, मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी खास केलेली बांधकामं वगळली. तिसरा अर्थ गावातला, जिथे पाणी थांबतं ती पाणथळ. तुमचे शेजारी हा तिसरा अर्थ घेऊन दुसऱ्या अर्थातली बंदी सांगत आहेत.

रामसरच्या व्याख्येचा हेतू जगभरच्या पाणथळींची दखल घेण्याचा, म्हणून ती रुंद आहे. नियमांच्या व्याख्येला बंदी घालायची आहे, म्हणून ती आवळलेली आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र व्याख्येत बसणं आणि नियम लागू होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. २०१७ चे नियम रामसर यादीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या, म्हणजे राजपत्रात जाहीर केलेल्या, पाणथळींना लागू होतात. वनक्षेत्र, वन्यजीव संरक्षित क्षेत्र आणि किनारा नियमन क्षेत्र यांत येणाऱ्या पाणथळींना ते ते कायदे पाहतात. यात आणखी एक थर आहे तो विसरू नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय पाणथळ ॲटलासमधल्या २,०१,५०३ जागांना, म्हणजे २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळींना, आधीच्या २०१० च्या नियमांतल्या निर्बंधांच्या तत्त्वावर संरक्षण दिलं. हा ॲटलास इस्रोच्या अहमदाबाद इथल्या केंद्राने उपग्रहचित्रांवरून केला आहे. त्यामुळे 'आमचं तळं अधिसूचित नाही' एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत.

तुमच्या आठ गुंठ्यांतला डबक्यासारखा भाग स्वतःच्या बळावर या यादीत असणं शक्य नाही. आठ गुंठे म्हणजे जेमतेम आठशे दहा चौरस मीटर. खरा प्रश्न मागच्या तळ्याचा आहे. ते २.२५ हेक्टरपेक्षा मोठं आहे का? असेल तर ॲटलासमध्ये आहे का? अधिसूचित आहे का, किंवा त्याचा प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात पडून आहे का? आणि ते कशासाठी झालं होतं? १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेला पाझर तलाव असेल, तर तो सिंचनासाठी 'खास बांधलेला' आहे असा दावा कोणीतरी करणारच. पण बांधलेला आहे म्हणजे पाणथळ नाही, असं सरसकट समजू नका. नांदूर मधमेश्वर पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे पाणी पसरलं, गाळ बसला, गवत आलं, पक्षी आले, आणि २०२० मध्ये तीच जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. माणसाने बांधलेल्या पाण्यालाही पुढे स्वतःचं आयुष्य येतं.

तळं नियमांखाली येत असेल, तर बंदीची यादी लांब नाही पण कडक आहे. पाणथळीचं दुसऱ्या वापरात रूपांतर, अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ५० मीटरच्या आत कायम स्वरूपाचं कोणतंही बांधकाम. अपवाद फक्त होड्यांच्या धक्क्याचा. हे ५० मीटर कुठून मोजायचे ते नियमाने नीट सांगितलं आहे. नियम लागू झाल्या तारखेपासून मागच्या दहा वर्षांत दिसलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून. म्हणजे तुम्ही एप्रिलमध्ये जाऊन कोरड्या तळ्याच्या मध्यावर टेप धरलात तर ते चालणार नाही, आणि शेजाऱ्यांनी एखाद्या अतिवृष्टीच्या सकाळी काढलेला फोटोही चालणार नाही. माझ्या मते या नियमातलं हे सगळ्यात नेटकं वाक्य आहे, कारण त्यात टेपचं टोक आणि तारीख दोन्ही आहेत.

एका छोट्या शहरातलं काम सांगतो. तळ्याकाठच्या एका ले-आऊटसाठी, म्हणजे प्लॉट पाडायच्या जमिनीसाठी, अंतर मोजायचं होतं. मार्च महिना होता. बरोबरच्या कर्मचाऱ्याने टेपचं टोक पाण्याच्या कडेला धरलं. मी खाली पाहिलं तर आम्ही उभे होतो ती जमीन भेगाळलेली होती आणि भेगांमध्ये गोगलगाईचे पांढरे शंख अडकलेले होते. मागे वळून पाहिलं, तर बाभळीच्या बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला गाळाची फिकट रेघ. एकाच उंचीची रेघ ओळीने सगळ्या झाडांवर होती. पाण्याच्या कडेपासून त्या झाडांपर्यंत मोजलं तर एकतीस मीटर भरले. मार्चच्या पाण्यापासून मोजलं असतं तर ले-आऊटमधले तीन प्लॉट आरामात बसत होते. झाडांपासून मोजल्यावर तिन्ही गेले. नंतर पातळीचं सर्वेक्षण केलं, पाटबंधारे खात्याकडच्या पाणीपातळीच्या नोंदी मागवल्या, आणि रेषा झाडांपासून थोडी पाण्याच्या बाजूला सरकली. मालकाचे दोन प्लॉट गेले, एक वाचला. त्या रेघेकडे कोणी पाहिलं नसतं तर त्या दोन प्लॉटांवरच्या घरांच्या जोत्याला दर पावसाळ्यात पाणी लागलं असतं, आणि ती घेणारी माणसं तुमच्यासारखीच कर्ज काढून आलेली असती.

आता दोन्ही नियम एकत्र ठेवून पाहू. मार्जिन तुमच्या हद्दीपासून आत मोजतात, तर पाणथळीचं अंतर पाण्यापासून बाहेर. दोन अंतरं एकमेकांच्या समोरून येतात आणि तुमच्या प्लॉटमध्ये एकमेकांवर चढतात. त्यांची बेरीज होत नाही. समजा प्लॉट पंचेचाळीस मीटर खोल आहे, मागचं मार्जिन तीन मीटर सोडायचं आहे, आणि तळ्यापासूनची ५० मीटरची रेषा मागच्या हद्दीतून बारा मीटर आत येते. तर घर मागच्या हद्दीपासून बारा मीटरवर सुरू होईल. पंधरावर नाही आणि तीनवरही नाही. जो नियम जास्त मागे रेटतो त्याचं ऐकायचं.

पण त्या दोन पट्ट्यांत काय करता येतं ते सारखं नाही, आणि आर्किटेक्टचं 'मार्जिन दाखवू' इथे तोकडं पडतं. मार्जिनमध्ये पक्की कंपाऊंड वॉल येते, फरशी घालता येते, गाडी लावता येते. पाणथळीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात पक्की भिंत म्हणजे कायम बांधकाम. तिथे तारेचं कुंपण किंवा जिवंत कुंपण ठेवा. नुसतं मार्जिन म्हणून दाखवलेल्या पट्ट्यात पुढच्या मालकाने भिंत बांधली तर नकाशा त्याला अडवणार नाही. म्हणून रेषा निघालीच, तर ती नकाशावर वेगळी काढून घ्या, तिच्यावर 'पाणथळ निर्बंध रेषा' असं स्पष्ट लिहून घ्या आणि मार्जिनची रेषा वेगळी ठेवा.

समजा तळं कोणत्याच यादीत नाही आणि निर्बंध लागू होत नाही. तरी तो ओला चौथा हिस्सा मागचं मार्जिन म्हणून वापरायला माझं मन तयार होत नाही. मार्जिन कशासाठी असतं? उजेड, वारा, आगीच्या वेळी माणसं आणि पाणी पोचणं, आणि घराच्या सांडपाण्याची सोय. नगरपंचायत हद्दीत बहुधा भुयारी गटार नसतं, म्हणजे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा मागेच जाणार. भूजल दोन-अडीच फुटांवर असलेल्या जमिनीत शोषखड्डा शोषतच नाही. पावसाळ्यात तो भरून वाहतो, आणि ते पाणी तळ्यात किंवा शेजाऱ्यांच्या विहिरीत जातं. कागदावर मार्जिन पुरेसं दिसेल, घर मात्र दर ऑगस्टला घाण वासात राहील. शोषखड्डा पुढच्या, उंच बाजूला घ्यायला सांगा, घराची मांडणी त्याप्रमाणे फिरवा. आणि कोणी मुरमाचा भराव टाकून जागा उचलायला सांगितलं तर आधी थांबा. तुम्ही दोन फूट भराव टाकलात तर तेवढं पाणी बाजूच्याच्या परसात जाईल. शिवाय जागेची मूळ पातळी पुरली जाईल, आणि पुढे वाद झाला तर तुमच्या बाजूचा पुरावाही त्याच मुरमाखाली असेल.

तुमच्या प्लॉटमधली ओल नेमकी कसली आहे हे तुम्ही स्वतःही पाहू शकता. पाऊस थांबून दोन आठवडे झाले की मागच्या भागात दोन फूट खोल खड्डा घ्या. खड्ड्यात बाजूंनी पाणी झिरपून आलं, तर भूजलच वर आहे. वरची माती चिकट ओली आणि तळ कोरडा निघाला, तर पाणी वरच्या वर अडलेलं आहे. काळ्या मातीत हे फार होतं, कारण ती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. मातीचा रंगही पाहा. बराच काळ पाण्याखाली राहणारी माती राखाडी-निळसर होते आणि गवताच्या मुळांभोवती तांबूस गंजासारख्या रेषा दिसतात. मुळांतून थोडी हवा खाली जाते आणि तेवढ्याच जागी लोह गंजतं, म्हणून त्या रेषा. हे चिन्ह मुरमाड आणि गाळाच्या जमिनीत चांगलं चालतं. काळ्या मातीत रंग झाकला जातो आणि कोकणातल्या जांभ्यात सगळंच तांबडं असतं, तिथे रंगावर विसंबू नका. लव्हाळा किंवा पाणकणीस दाट माजलं असेल तर पाणी दरवर्षी येतं आणि बराच काळ राहतं असं समजायला हरकत नाही. बेशरमीचं झुडूप दिसलं म्हणून मात्र काही ठरवू नका, ते गटाराच्या कडेलाही येतं.

आणि खुंट्या ठोका. जुलैपासून दर रविवारी पाण्याची कड जिथे असेल तिथे एक बांबूची खुंटी, तिच्यावर रंगाने तारीख, आणि एक फोटो. दोन पावसाळ्यांत तुमच्याकडे जो नकाशा तयार होईल तो कोणत्याही तोंडी साक्षीपेक्षा जड असतो. जोडीला गूगल अर्थवरची जुनी उपग्रहचित्रं, सर्व्हे ऑफ इंडियाचा स्थलदर्शक नकाशा आणि गावाचा मूळ गाव नकाशा पाहा. जमीन बिनशेती होण्याआधीचा सातबाराही काढा. त्यात पोटखराब क्षेत्र दाखवलं असेल तर 'अ' की 'ब' ते बघा. 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य. 'ब' म्हणजे पाणी, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं, आणि ते तुमच्या खरेदीच्या क्षेत्रात धरलं गेलं असेल तर आधी तोच प्रश्न सोडवावा लागेल. नदी जवळ असेल तर पूररेषाही बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तो निर्बंध पाणथळीपेक्षा वेगळा आहे आणि दोन्ही एकाच प्लॉटवर येऊ शकतात.

शेवटचा भाग विकास योजनेचा. व्याख्या मागू नका. मार्जिनची व्याख्या राज्याच्या नियमावलीत आहे, पाणथळीची केंद्राच्या नियमांत, आणि नगरपंचायत यातली एकही बदलू शकत नाही. तुमची सूचना 'व्याख्या राज्यस्तरावरील असल्याने अमान्य' अशा एका ओळीत निकालात निघेल. गावाच्या हातात आहे ती रेषा. विकास योजना करण्याआधी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. त्या नकाशावर तळं कसं दाखवलं आहे ते आधी पाहा. मी पाहिलेल्या कितीतरी नकाशांत तळं उन्हाळ्यातल्या पाण्याएवढंच निळं असतं आणि भोवतीचा दलदलीचा पट्टा 'मोकळी जमीन' म्हणून पिवळा. पुढे तोच पिवळा पट्टा रहिवास विभागात जातो. तुमची सूचना या एका गोष्टीपुरती ठेवा, की तळ्याची कड पावसाळी उच्च पातळीला धरून दाखवावी, भोवतीचा पट्टा रहिवास विभागातून वगळावा, आणि हा भाग कुठल्या ले-आऊटच्या दहा टक्के खुल्या जागेत ढकलू नये. ०.४ हेक्टर किंवा मोठ्या ले-आऊटला ती खुली जागा सोडावी लागते, आणि मुलांच्या खेळण्यासाठी ठेवायची ती जागा नेमकी चिखलात निघते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सोबत तुमच्या खुंट्यांचे तारीखवार फोटो, पातळ्यांचा नकाशा आणि गट क्रमांक जोडा. प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. सूचना लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा.

आज करायचं म्हणजे मोजणीचा अर्ज भरा आणि 'क' प्रत मागवा, म्हणजे मागची हद्द नक्की होईल. त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराखाली विचारा, की हे तळं ॲटलासमध्ये, अधिसूचनेत किंवा प्रस्तावात आहे का, आणि असल्यास उच्च पूरपातळी कोणती धरली आहे. ही दोन उत्तरं हातात येईपर्यंत आर्किटेक्टना नकाशा दाखल करू देऊ नका.